कटकट कमी, कस तेवढाच

१९९७ सालच्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ या व्हिडिओ गेममध्ये गावाभोवती दगडी तट बांधता येत होता, पण तटाला दरवाजा ठेवता येत नव्हता. गावकरी आत अडकायचे आणि सोन्याची खाण बाहेर राहायची. मग एक तर तटात फट सोडायची, नाहीतर मेहनतीनं बांधलेल्या तटाचा एक तुकडा आपणच पाडून वाट करायची. शत्रू त्याच वाटेनं आत शिरायचा. दोन वर्षांनी ‘एज ऑफ एम्पायर्स टू : द एज ऑफ किंग्ज’ आला आणि तटाला वेस मिळाली. आपला माणूस जवळ आला की दार आपोआप उघडतं, तो पार झाला की मिटतं, वेढा पडला तर बंद करून ठेवता येतं. दार उघडलेलं असताना शत्रूचा घोडेस्वार सोबतीनं आत घुसू शकतो, ही धास्ती मात्र राहिली. तट कुठे घालायचा, दगड तटावर खर्च करायचा की बुरुजावर, वेस कोणत्या बाजूला ठेवायची, हे सगळे अवघड निर्णय खेळाडूच्याच माथी राहिले. गेली ती फक्त कटकट.

या संग्रहातले सगळे लेख याच फरकाभोवती फिरतात. खेळातली अडचण दोन जातींची असते. एक अडचण आपला कस पाहते. ती सोडवताना मजा येते आणि हरलो तरी आपण का हरलो ते कळतं. दुसरी नुसती छळते. तिच्यातून पार पडलं तरी हाती काही लागत नाही. पहिल्या भागात या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतात, कारण खेळ प्रत्यक्ष चालायला लागेपर्यंत कुठली कोणती हे बनवणाऱ्यांनाही सांगता येत नाही. ज्यांना दुसऱ्या भागात त्या नेमक्या वेगळ्या काढता आल्या, त्यांचा खेळ मूळ खेळाच्या पुढे गेला. ज्यांना जमलं नाही त्यांनी नुसता मोठा, महाग किंवा जास्त कठीण खेळ काढला.

सिनेमाच्या दुसऱ्या भागाबद्दल आपण आधीच नाक मुरडतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. गोष्ट एकदा सांगून झालेली असते, पात्रांचं जे व्हायचं ते झालेलं असतं, आणि तिकीटबारीच्या आशेनं ती पुन्हा ताणली जाते. व्हिडिओ गेममध्ये गोष्ट हा अनेक थरांतला एक थर. तिच्याखाली नियम आहेत, बटणांची रचना आहे, कॅमेरा आहे, शत्रूला अक्कल किती द्यायची याचा हिशेब आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीची दुरुस्ती करता येते. शिवाय पहिला खेळ बनवताना निम्मी ताकद अवजारं घडवण्यात जाते. नकाशे रचायचं सॉफ्टवेअर, पात्रं हलवणारी यंत्रणा, आवाज जोडायची व्यवस्था असं सगळं शून्यातून उभं करावं लागतं. दुसऱ्या वेळी अवजारं तयार असतात, हात बसलेला असतो, आणि हजारो खेळाडूंच्या तक्रारी समोर असतात. सिनेमाच्या दिग्दर्शकाला प्रेक्षक कुठे कंटाळला ते अंदाजानं ताडावं लागतं. खेळ बनवणाऱ्याला खेळाडू कुठल्या खोलीत अडकला, कुठे चिडला आणि कुठून खेळ बंद करून उठला, हे नेमकं शोधून काढता येतं.

मराठी वाचकासाठी हा विषय मांडण्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या अनेकांनी दुसरेच भाग आधी पाहिले. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’वर नाणी घालणाऱ्या मुलांना याचा एक पहिला भागही आहे, हे ठाऊक नसायचं. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलांत लॅनवर रात्ररात्र रंगला तो एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग. त्यामुळे त्यातली प्रत्येक सोय पहिल्यापासूनच तशी होती, असं आपण धरून चालतो. तिच्यामागे कुठली चूक होती, कुणी किती खटाटोप केला, हे दिसत नाही. चांगल्या दुरुस्तीची ओळखच अशी, की ती झाल्यावर तिथे काही मोडलं होतं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

एज ऑफ एम्पायर्सपाशी थोडं थांबतो, कारण या अभ्यासासाठी इतका उघड दाखला दुसरा नाही. अमेरिकेत डॅलसच्या एन्सेंबल स्टुडिओजनं तो बनवला. मायक्रोसॉफ्टसाठी दुसरा भाग साधारण वर्षभरात उरकायचा, असा सुरुवातीचा बेत होता. पहिल्याचाच सांगाडा घेऊन त्यावर मध्ययुगाचा पोशाख चढवायचा, एवढंच. काही महिन्यांत कळून चुकलं, की मनासारखा खेळ एवढ्या वेळात होणार नाही. मग आणखी एक वर्ष मागून घेतलं आणि मधली पोकळी भरायला १९९८ साली पहिल्याच खेळाला ‘राइझ ऑफ रोम’ ही पुरवणी जोडली. वाढवून घेतलेल्या त्या वर्षाचं चीज कशात झालं ते पाहण्यासारखं आहे.

शेतीचंच घ्या. पहिल्या भागात शेताचा कस संपला की शेत पडद्यावरून नाहीसं व्हायचं आणि शेतकरी तिथेच हात बांधून उभा राहायचा. तिकडे लढाई पेटलेली, इकडे सहा माणसं रिकामी, आणि हे कळायचं केव्हा, तर धान्याचा आकडा हलेनासा झाला म्हणजे. दुसऱ्या भागात उजाड झालेला तुकडा जागेवर दिसत राहिला, त्यावर लाकूड खर्चून पुन्हा पेरणी करता येऊ लागली. रिकामे गावकरी शोधून देणारं एक बटणही पडद्यावर आलं. २०००च्या ‘द कॉन्करर्स’ या पुरवणीनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. गिरणीत आधीच लाकूड भरून पुढच्या पेरण्यांची रांग लावून ठेवायची सोय झाली. गिरणी किंवा लाकडाची वखार बांधून झाल्यावर गावकरी आज्ञेची वाट न पाहता शेजारच्या कामाला भिडायला लागले. तीन टप्प्यांत एकाच दुखण्यावर उपचार झाला, आणि तरीही किती शेतं लावायची, किती लाकूड शेतीत घालायचं आणि किती धनुष्यांत, हा प्रश्न जसाच्या तसा उरला.

सैन्याचंही तेच. पहिल्या भागात फौज म्हणजे एक घोळका. पुढे पाठवली की वेगवान घोडेस्वार आधी पोचून मरायचे आणि दगडफेकी यंत्रं मागून रखडत यायची. दुसऱ्या भागात फौज रचना धरून चालू लागली. ढालवाले पुढे, तिरंदाज मागे, आणि सगळ्यांची चाल सर्वांत संथ माणसाच्या वेगानं. गावावर धाड आली तर घंटा वाजवायची, की सगळे गावकरी धावत नगरभवनात शिरतात आणि आतून बाण सोडतात. ही घंटा म्हणजे मला या खेळातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. एका बटणात जीव वाचवायची सोय आहे, आणि त्याच बटणात शिक्षाही आहे, कारण घंटा वाजली की गावातलं सगळं काम ठप्प होतं. चार घोडेस्वार नुसते गावाभोवती फिरवून शत्रूला घंटा वाजवायला लावणं हाच एक डाव झाला. सोय देताना तिची किंमतही ठरवून देणं फार थोड्यांना जमतं.

‘स्ट्रीट फायटर’ची कथा वेगळ्या वळणाची आहे. जपानच्या कॅपकॉमनं १९८७ साली काढलेल्या पहिल्या खेळाच्या मोठ्या यंत्रावर ठोशाचा आणि लाथेचा असे दाबाचे पॅड होते. जितक्या जोरात त्यावर हात आपटाल तितका पडद्यावरचा तडाखा जबर. ऐकायला झकास, प्रत्यक्षात हाताला दमवणारं. कॅपकॉमनं लवकरच दुसरं यंत्र काढलं. त्यात ठोशाची तीन आणि लाथेची तीन अशी सहा बटणं होती : हलका, मध्यम, जोरदार. ही सहा बटणं टिकली. बाकी खेळ मात्र रखडत चालायचा. निवडायला पात्र नाही. पहिला खेळाडू र्यू, दुसरा केन, दोघांची चाल सारखीच. खास डाव होते, पण ते कसे काढायचे हे गुपित होतं आणि कळलं तरी दहादा करून एकदा साधायचे.

१९९१ सालच्या दुसऱ्या भागात र्यू-केनचे हे खास डाव तेच राहिले. त्यातला एक असा : जॉयस्टिक खाली, मग तिरकी पुढे, मग सरळ पुढे, आणि लगेच ठोशाचं बटण. हातातून निळा गोळा सुटतो. बदल झाला तो यंत्राच्या वृत्तीत. हाताची हालचाल थोडी मागेपुढे झाली तरी यंत्र ती मान्य करू लागलं. डाव काढता येणं हा पहिल्या खेळात कसोटीचा विषय होता. दुसऱ्यात डाव केव्हा काढायचा ही कसोटी झाली. समोरचा उडी मारण्याच्या बेतात आहे का, गोळा सोडला तर तो वरून येऊन मानेवर बसेल का, हा विचार करायला डोकं मोकळं झालं. त्यात आठ पात्रं आली, बहुतेकांचे स्वभाव निराळे. झानगिएफला जवळ जाऊ दिलं की संपलं, गाइल लांबूनच झुलवत ठेवतो, चुन-लीचे पाय हाताआधी पोचतात. आपल्या पार्लरांतल्या मुलांना त्यात एक भारतीयही सापडला : रबरासारखे हातपाय लांबवणारा, तोंडातून आग काढणारा, गळ्यात कवट्या घातलेला योगी धालसिम. भारताबद्दलची ती कल्पना उथळ आणि बोचरी आहे, हे स्पष्ट लिहायला हवं. खेळाच्या अंगानं पाहिलं तर मात्र तो सगळ्यांत विचार करायला लावणारा गडी होता. इतर बहुतेक जण जिथे हात पोचेल तिथे लढायचे, तो लढाईचं अंतरच बदलून टाकायचा.

याच खेळात एक गोष्ट चुकून घडली. मोटार फोडायच्या बोनस फेरीत दोष तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आलं, की नेमक्या क्षणी बटण दाबलं तर एका फटक्याला जोडून दुसरा फटका बसतो. वेळ इतकी अचूक लागते की कुणी वापरणार नाही, असं धरून ते तसंच राहू दिलं. खेळाडूंनी ते शोधलं, घोटलं, आणि त्यातून ‘कॉम्बो’ जन्मला, ज्याच्याशिवाय आज लढाईचा खेळ क्वचितच उभा राहतो. दुसरा भाग सरस ठरण्यात बनवणाऱ्यांच्या शहाणपणाइतकाच खेळाडूंच्या चिकाटीचा वाटा असतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

उलट दिशेचा दाखलाही द्यायला हवा. जपानमध्ये १९८६ साली निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स टू’ दिसायला जवळजवळ पहिल्यासारखाच होता. नवं काय, तर खाल्लं की घात करणारं विषारी मश्रूम, उडी मारताना ढकलणारा वारा, आणि पुढे नेण्याऐवजी मागच्या जगात टाकणाऱ्या गुप्त वाटा. पहिला खेळ कोळून प्यालेल्यांसाठी तो होता, आणि त्यांनी तो आनंदानं खेळलाही. पण अमेरिकेतल्या निन्टेन्डोला तो तिथल्या मुलांच्या हाती द्यावासा वाटला नाही. तिथे १९८८ साली ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाच्या वेगळ्याच जपानी खेळाला मारिओचा पोशाख चढवून दुसरा भाग म्हणून विकला. भाजी चवीनं खाता येईल अशा बेतानं तिखट घालायचं सोडून नुसती मिरची वाढवत नेली तर जे होतं, ते जपानी दुसऱ्या भागात झालं. कस वाढला की कटकट, हे पारखायची तसदी तिथे घेतलेली दिसत नाही. याउलट कॅपकॉमच्याच ‘मेगा मॅन’ची दुसरी फेरी त्याच काळातली. पहिल्यात मधूनच उठायची सोय नव्हती. १९८८च्या दुसऱ्यात पासवर्ड आला, जीव भरून काढणारे डबे आले, मालिकेत कुणालाच नको असलेली गुणसंख्या गेली, आणि सहाऐवजी आठ मुख्य शत्रू उभे राहिले. तो आजही नव्या माणसाच्या हाती बेलाशक द्यावा.

पुढच्या पिढीत ‘असॅसिन्स क्रीड’चा उल्लेख टाळता येत नाही. २००७चा पहिला भाग डोळे दिपवणारा होता. दमास्कस, एकर आणि जेरुसलेमच्या गच्च्यांवरून धावताना श्वास रोखला जायचा. पण प्रत्येक सावजापूर्वी तीच चाकोरी : बाकावर बसून कानोसा घ्यायचा, कुणाचा खिसा मारायचा, कुणाला गल्लीत गाठून बुकलून बोलतं करायचं. तीन शहरांत तेच, पुन्हा पुन्हा. पाण्यात पडलं की नायक मरायचा, म्हणून एकरच्या धक्क्यावर जीव मुठीत धरून चालावं लागे. दोन वर्षांनी दुसरा भाग व्हेनिसमध्ये गेला. ज्या शहराचे रस्तेच कालवे आहेत, तिथे न पोहणारा नायक नेता आला नसता. नवा नायक एझिओ पोहतो, पाण्याखाली लपतो, पहारेकऱ्याला काठावरून आत ओढतो. एक उणीव भरून काढताना शहराची निवड, लपण्याची तऱ्हा, पाठलागाची वाट असं सगळंच बदललं. दोन्ही भागांची सूत्रं पॅट्रिस देझिले यांच्याच हाती होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आपलंच काम इतक्या निर्दयपणे तपासायला धाडस लागतं.

काढून टाकण्यातही जोखीम असते. ‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागात ओसाड ग्रहांवर गाडी हाकत फिरावं लागायचं आणि बंदुकांचा इतका ढीग साचायचा की निम्मा वेळ तो उपसण्यात जायचा. २०१०च्या दुसऱ्या भागानं गाडी आणि ढीग दोन्ही काढून टाकले. लढाई चपळ झाली, आणि एकेका सोबत्याची गोष्ट इतकी जीव ओतून लिहिली गेली की शेवटच्या मोहिमेत कुणाला कुठे पाठवायचं हे ठरवताना हात थरथरावा. पण ग्रहांवरून खनिजं टिपत बसण्याचं एक नवंच रटाळ काम त्याच भागात शिरलं. आणि त्या ओसाड ग्रहांवर अवकाशाचं जे अफाटपण जाणवायचं, ते गाडीसोबत गेलं. मला ते अजून हवंहवंसं वाटतं. दुसरा भाग सरस आहे, या निर्णयावर मी ठाम आहे. पण जे हरवलं त्याची नोंद त्या प्रकरणात सविस्तर केली आहे.

सर्वांत अवघड प्रश्न ‘स्टारक्राफ्ट’नं विचारला. १९९८च्या त्या खेळात एका वेळी बाराच सैनिक निवडता यायचे. प्रत्येक छावणीवर वेगळं क्लिक करावं लागायचं. नवा कामगार तयार झाला की त्याला हातानं खनिजाकडे धाडावं लागायचं. वरवर पाहता ही निव्वळ कटकट. पण दक्षिण कोरियात याच खेळावर व्यावसायिक खेळाडूंची एक दुनिया उभी राहिली आणि त्या हातांच्या वेगालाच तिथे कलेचा मान मिळाला. २०१० साली ‘स्टारक्राफ्ट टू’नं बाराची मर्यादा उठवली, अनेक छावण्यांना एकदम आज्ञा देता येऊ लागली, कामगार आपोआप कामाला जाऊ लागले. जुन्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की ज्यात आम्ही वर्षं घातली ते तुम्ही यंत्राला देऊन टाकलंत. एकाची कटकट हा दुसऱ्याचा कस असू शकतो. माझं मत विचाराल तर घरी बसून खेळणाऱ्या लाखोंसाठी दुसरा भाग उजवा आहे, आणि मैदानात बसून पाहणाऱ्यासाठी पहिला. तिथे थकणारे हात दिसतात, त्यातून चुका होतात, आणि चुकांतून डाव पालटतो.

निवडीबद्दल दोन शब्द. फुटबॉलचे दरवर्षी निघणारे खेळ इथे घेतलेले नाहीत. तिथे संघ आणि कपडे बदलतात, आणि खरी सुधारणा अनेक वर्षांत विखुरलेली असते. जुना खेळ नव्या चित्रांत पुन्हा काढलेल्या आवृत्त्याही वगळल्या, कारण त्यात मूळ रचना बहुधा तशीच ठेवलेली असते. प्रत्येक प्रकरणाआधी शक्य असेल तर पहिला भाग तासभर तरी खेळून पाहावा, ही आग्रहाची विनंती. वाचून कळणार नाही असं बरंच काही त्या तासात बोटांना कळतं.

शेवटचं प्रकरण ‘आयजीआय’चं आहे आणि त्यावर वाद होणार हे मला ठाऊक आहे. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजनं २००० साली काढलेला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ आपल्या सायबर कॅफेंनी आणि घरच्या कॉम्प्युटरांनी किती उचलून धरला, ते त्या काळातल्या कुठल्याही माणसाला विचारावं. त्यात मोहिमेच्या मधे सेव्ह करता येत नव्हतं. टेकडीवर पडून दुर्बिणीतून तळ न्याहाळायचा, कॅमेऱ्याची नजर चुकवायची, तार कापायची, अर्धा तास जपून जपून आत शिरायचं, आणि शेवटच्या वळणावर भोंगा वाजून बराकीतून सैनिक बाहेर पडले की सगळं पहिल्यापासून. २००३च्या दुसऱ्या भागानं मोजकेच सेव्ह दिले. खेळ जितका कठीण निवडाल तितके कमी. कागदावर ही आदर्श दुरुस्ती आहे. त्रास उतरतो, आणि सेव्ह कुठे खर्चायचा हा नवा निर्णय खेळात येतो. तरीही पहिल्याचीच आठवण काढणारे मला अधिक भेटतात. मी दोन्ही पुन्हा खेळलो. सेव्ह नसल्यामुळे प्रत्येक पाऊल टाकताना वाटणारी ती भीती पहिल्या भागात खरी आहे, आणि त्या उघड्या, रिकाम्या माळरानावर एकटेपण जसं अंगावर येतं तसं दुसऱ्यात येत नाही. पण माझ्या मते ती भीती सेव्ह नसण्यातून जितकी येते, त्याहून जास्त त्या जागेच्या रचनेतून येते. पहिल्या भागाला तीनच सेव्ह दिले असते तरी ती टिकली असती. म्हणून सेव्हच्या मुद्द्यावर मी दुसऱ्या भागाच्या बाजूनं उभा आहे आणि मोहिमांच्या रचनेत पहिल्याच्या. त्या प्रकरणात दोन्ही बाजू एकेका मोहिमेचा नकाशा पुढे ठेवून मांडल्या आहेत.